चुकलेला नेम

विमानाच्या पुढच्या पटलावर क्षेपणास्त्राचं बटण आहे आणि त्या बटणापाशी ज्यो आहे. शत्रूचं डोंगराएवढं यंत्र समोर आलं रे आलं की त्याचा हात शिवशिवतो. “केन, सोडू का?” केन म्हणतो, “थांब, आत माणसं असतील.” नाहीतर, “थांब, खाली गाव आहे.” नाहीतर नुसतंच, “थांब.” ज्यो दातओठ खातो. एखाद्या वेळी न विचारता बटण दाबून मोकळा होतो आणि बहुधा ते क्षेपणास्त्र समोरच्या पत्र्यावर आपटून फुटतं, यंत्राला साधा ओरखडाही येत नाही. दोन वर्षं दर रविवारी ‘गाच्चामान’ या जपानी कार्टून मालिकेत हे चालू होतं. जुन्या नवराबायकोच्या भांडणासारखं: विषय तोच, वाक्यं तीच, समोरच्याचं उत्तरही पाठ, आणि तरी भांडल्याशिवाय दिवस सरत नाही.

‘कागाकु निन्जाताई गाच्चामान’, म्हणजे विज्ञानाची हत्यारं घेतलेल्या निन्जांची तुकडी, ही कार्टून मालिका जपानच्या फुजी टीव्हीवर १ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाली आणि १०५ भागांनंतर २९ सप्टेंबर १९७४ ला संपली. ती केली तात्सुनोको या स्टुडिओने. तात्सुओ, केंजी आणि तोयोहारू या तीन योशिदा भावांनी तो १९६२ साली काढला होता. माणसांची चित्रं थोरल्या तात्सुओंची, आणि त्यांच्या हातावर अमेरिकन कॉमिक्सची छाप स्पष्ट दिसते. कार्टून म्हटलं की गोल डोकी आणि बशीएवढे डोळे डोळ्यांपुढे येतात. इथे जबडे आहेत, खांदे आहेत, गालफडांची हाडं आहेत. दिग्दर्शनाची मुख्य जबाबदारी हिसायुकी तोरिऊमींकडे होती. यंत्रांची चित्रं काढणाऱ्यांत कुनिओ ओकावारा नावाचा तेव्हाचा नवखा पोरगा होता. पुढे १९७९ च्या ‘गंडाम’ या गाजलेल्या रोबॉट मालिकेची यंत्रं त्यानेच घडवली.

तुकडीत पाच जण, पाच पक्षी. केन गरुड, ज्यो कॉन्डॉर, जुन राजहंस, जिन्पेई पाकोळी आणि रियू घुबड. डोक्यावर चोचीचं हेल्मेट, पाठीवर पंखांसारखी केप, मनगटावर कडं. केन बूमरँग फेकतो, ज्यो टोकदार पीस फेकून मारतो, जुनकडे स्फोटकं आणि यो-यो, आणि पोरसवदा जिन्पेईकडे दोरीला बांधलेले दोन गोळे. या गोळ्यांच्या खेळण्याने त्याच सुमारास जपानी मुलांना वेड लावलं होतं, ते थेट हत्यार म्हणून आत आलं. रियू विमान चालवतो. रियूची मला फार दया येते. पाच जण एवढे पक्ष्यांचे पोशाख करून निघतात, शत्रूच्या तळावर उतरायची वेळ आली की केन म्हणतो, “रियू, तू विमानात थांब.” बिचारा कुरकुरतो, पण थांबतो. तुकडीत असूनही मारामारी काचेतून बघायची, हे ज्याच्या नशिबी आलंय त्यालाच कळेल.

बाकीच्या वेळी हे लोक काय करतात तेही मालिका दाखवते, आणि मला तो भाग मारामारीपेक्षा आवडतो. जुन एक छोटं स्नॅक बार चालवते आणि अनाथाश्रमात सोबत वाढलेल्या जिन्पेईला सांभाळते. केन विमानं उडवून पोट भरतो, म्हणजे भरत नाही, कारण त्याची जुनकडची उधारी कधीच फिटत नाही. जग वाचवणाऱ्या माणसाला खाल्ल्याचं बिल मागितलं की तो विषय बदलतो. ज्यो मोटारींच्या शर्यतीत उतरतो. रियूचं घर मासेमाऱ्यांच्या गावात, घरी बाप आणि धाकटा भाऊ. घरचं म्हणावं असं माणूस पाचांत त्यालाच एकट्याला आहे. आणि विमानात थांबायलाही त्यालाच सांगतात, यात लेखकांच्या मनात काही होतं का, असं मला अधूनमधून वाटतं.

माझ्या पिढीच्या मराठी पोरांनी जपानी हिरो पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात. ‘जायंट रोबॉट’. घड्याळात बोलणारा मुलगा आणि त्याचं ऐकणारा तो प्रचंड लोखंडी माणूस. शेवटच्या भागात रोबॉट पहिल्यांदाच मुलाचं ऐकत नाही. मुलगा ओरडत राहतो आणि रोबॉट शत्रूच्या सम्राटाला कवटाळून अंतराळात जाऊन स्वतःसकट फुटतो. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात आम्ही पोरं ओळीने बसून रडलो होतो. काकूंनी शेंगदाण्याचा लाडू देऊन घरी पाठवलं. कुणाच्या आईने तक्रार केली नाही की पोरांना असलं कशाला दाखवता. त्यानंतर आम्ही चांगले जेवलो, झोपलो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मनगटाशी तोंड नेऊन बोलत बसलो.

तो रोबॉट मित्सुतेरू योकोयामांच्या कथेतला. त्याच १९६७ साली, त्यांच्याच कथेवर, तोएई कंपनीनेच खऱ्या माणसांना घेऊन आणखी एक मालिका केली होती: ‘कामेन नो निन्जा आकाकागे’. लाल सावली, निळी सावली आणि पांढरी सावली असे तीन निन्जा; काळ सोळाव्या शतकाचा, पण शत्रूकडे अजस्र राक्षस आणि पांढरी सावली मोठ्या पतंगावर बसून उडते. साठच्या दशकात जपानमध्ये निन्जांची लाटच होती. कॉमिक्स, सिनेमा, टीव्ही, जिकडेतिकडे काळे कपडे. ‘गाच्चामान’ त्या लाटेच्या शेपटावर आली आणि तिने निन्जाला गवताच्या छपरावरून उचलून जेट विमानात बसवलं. केन शत्रूपुढे आपली ओळख सांगतो तीही जुन्याच धाटणीत: कधी एक, कधी पाच, अंग न दाखवता सरकत येणारी पांढरी सावली.

मी ही मालिका पाहिली ती चाळिशीत, आणि तीही धंद्यापायी. मी दुभाषी आहे. पुण्यात जपानी शिकलेल्या बायकांचं जे होतं तेच माझं झालं: सकाळी गाडीत बसून चाकण, दिवसभर कारखान्यात मापं, टॉलरन्स (म्हणजे मापात चालेल एवढा फरक) आणि नाकारलेले सुटे भाग यांवर दोन्हीकडून बोलायचं, संध्याकाळी परत. त्या काळात एक वयस्कर इंजिनिअर आले होते. अत्यंत मितभाषी. गाडीत शब्द नाही. एकदा नाशिक फाट्याच्या पुढे वाहनं तासभर हलली नाहीत, आणि शेजारच्या टेम्पोच्या पाठीवर रंगवलेला गरुड बघून ते एकदम म्हणाले, “गाच्चामान.” मला काही कळलं नाही. मग त्यांनी खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने चोचीचं हेल्मेट काढून दाखवलं. एकाच रेषेत, बोट न उचलता. लहानपणी ते वहीच्या मागच्या पानांवर किती वेळा काढलं असेल ते त्या रेषेवरूनच समजलं. चाकणपर्यंत त्यांनी मला अर्धी मालिका सांगितली. उरलेली मी पाहिली.

पहिले काही भाग पाहून मला वाटलं होतं, हे तर ‘पॉवर रेंजर्स’! वंशावळ खरं तर उलटी आहे. पाच जणांची तुकडी, एक शांत पुढारी, एक फटकळ एकलकोंडा, एक मुलगी, एक पोर, एक जाडजूड प्रेमळ, हा साचा ‘गाच्चामान’ने पक्का केला. १९७५ साली तोएईने रंगीत पोशाखांच्या पाच जणांची ‘गोरेंजर’ आणली. त्या घराण्यात पुढे १९९२ ची ‘झ्यूरेंजर’ आली आणि तिच्या मारामारीच्या चित्रफितींवर अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ उभी राहिली. आमच्या भाच्यांनी जे हिंदीत पाहिलं त्याचं मूळ असं लांब आहे.

पण सगळा साचा उचलून नेणाऱ्यांनी एक गोष्ट मागेच ठेवली. ‘गाच्चामान’ निन्जांची मालिका आहे ती फेकायच्या हत्यारांमुळे नाही. निन्जाला स्वतःचं म्हणून काही ठेवायची मुभा नसते, ही जुनी अट लेखकांनी खरोखर मनावर घेतली. या पाचांना शिकवलं, लढायला तयार केलं ते डॉक्टर नांबूंनी. चष्मा, मिशी, सूट, सज्जन माणूस. आणि हा सज्जन माणूस विशीच्या आतल्या पोरांना दर आठवड्याला मरणाच्या तोंडी पाठवतो. मालिका त्याला खलनायक करत नाही, पण सोडतही नाही. अधूनमधून त्याच्या चष्म्याच्या काचा नुसत्या पांढऱ्या चमकतात, मागचे डोळे दिसत नाहीत, आणि आपण आपलं काय समजायचं ते समजतो.

त्यांचं अग्निपक्ष्याचं तंत्रच घ्या. काहीच चालेना की ‘गॉड फिनिक्स’ हे विमान ज्वाळा होऊन पक्ष्याच्या रूपात शत्रूच्या आरपार जातं. बाहेरून बघायला फार देखणं. पण दर वेळी आतलं दृश्यही दाखवतात: पाचही जण उष्णतेने पिळवटून निघालेले, दात आवळलेले, बोटं खुर्चीच्या हातात रुतलेली. विजयाची किंमत म्हणून कोणी भाषण देत नाही. आत कसं होतं ते फक्त दाखवतात आणि पुढे जातात.

मालिकेच्या बरोबर मध्यावर, ५३ व्या भागात, केनचा बाप मरतो. केन लहान असताना तो घर सोडून गेलेला; इतके भाग रेड इम्पल्स नावाच्या गुप्त हेराच्या मुखवट्यात मुलाच्या आसपास वावरत होता आणि मुलाला पत्ता नव्हता. ज्या रॉकेटमध्ये बसून केनने मरायचं, त्यात बाप त्याला बाजूला सारून स्वतः बसतो. ओळख पटते आणि बाप जातो, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पुढच्या भागात गंमत बघा: आता केनच पेटलाय, केनलाच सगळं उडवायचंय आणि बाकीच्यांना त्याला आवरावं लागतं. इतके आठवडे “थांब” म्हणणाऱ्याचा तोल असा सुटलेला पाहिला की त्या जुन्या भांडणाचाही अर्थ बदलतो. केन मुळात थंड डोक्याचा नव्हताच, तो स्वतःलाही तेच सांगत होता.

शत्रूची संघटना गॅलॅक्टर. तिचा म्होरक्या बर्ग काट्से, जांभळा मुखवटा, लालचुटूक ओठ. आणि त्याच्याही वर पडद्यावरून हुकूम सोडणारा सोसाई एक्स. यांना हवं असतं युरेनियम, तेल, पाणी, ऊर्जा. म्हणजे १९७२ सालच्या जपानला ज्याची धास्ती होती तेच. त्या जुलैत योक्काइची शहरातल्या कारखान्यांच्या धुराच्या खटल्याचा निकाल लागला, पुढच्या मार्चमध्ये मिनामाताच्या समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या खटल्याचा. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आखडलं आणि जपानी गृहिणी टॉयलेट पेपरसाठी दुकानांपुढे रांगा लावून उभ्या राहिल्या. डॉक्टर नांबूंची मोठी योजनाच अशी आहे की पृथ्वीच्या पोटातली उष्णता वापरायची आणि धूर थांबवायचा. मालिकेत सगळं घडतं ते पृथ्वीवर. सोसाई एक्स बाहेरचा निघतो खरा, पण तोवर गॅलॅक्टरसाठी राबणारे हजारो सैनिक, शास्त्रज्ञ, कारखानदार सगळे इथलेच असतात.

सगळंच काही पाहण्याजोगं नाही. कथा पुष्कळदा एकाच चाकोरीतल्या आहेत. चार भाग सलग पाहिले की पाचव्यात कधी स्फोट होणार ते घड्याळ लावून सांगता येतं. जुनची मारामारी दाखवताना कॅमेरा जिथे जातो ते मला खटकलं, आणि लहान मुलांच्या मालिकेत तर जास्तच. गॅलॅक्टरचे साधे शिपाई तर मुंग्यांसारखे मरतात.

हीच मालिका १९७८ साली ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ नावाने अमेरिकेत गेली. सँडी फ्रँक नावाच्या निर्मात्याने ती घेतली. ‘स्टार वॉर्स’ची हवा होती, म्हणून पृथ्वीवरचं सगळं उचलून परग्रहांवर टाकलं. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेविरुद्ध तिथल्या पालकांनी आवाज उठवला होता, म्हणून माणसं मरायची बंद झाली. शहर जळताना निवेदक सांगतो की ते आधीच रिकामं केलं होतं. कापाकापीने पडलेली भोकं बुजवायला समुद्राखालच्या तळावर बडबड्या रोबॉट बसवला, ‘सेव्हन-झार्क-सेव्हन’, सोबत यंत्राचा कुत्रा. बर्ग काट्से मूळ कथेत कधी पुरुष, कधी बाई असतो. अमेरिकेत ती बाई त्याची बहीण ठरली. १०५ मधले ८५ भाग घेतले. शेवटचा अर्थातच नाही घेतला. यात मला हसू येतं ते कुत्र्याचं, आणि राग येतो तो पृथ्वी काढून घेतल्याचा. युरेनियम कोणाच्या तरी दुसऱ्याच ग्रहावरून चोरीला गेलं तर माझ्या घरच्या बल्बचा त्याच्याशी काय संबंध? तरी या कापलेल्या मालिकेवरही तिकडची एक पिढी जीव टाकते. पोरांना गाळातून रत्न काढता येतं.

आता शेवट सांगते. पन्नास वर्षं होऊन गेली, यात रहस्य कसलं! ज्योचा जन्म गॅलॅक्टरच्याच बेटावर झालेला. आईबाप त्यांच्याच पदरी. सुटायला बघत होते म्हणून मारले गेले. हे त्याला उमजतं तेव्हापासून त्याचा राग दुहेरी होतो, थोडा शत्रूवर, थोडा स्वतःच्या रक्तावर. त्यात डोक्याला झालेली इजा आतल्या आत वाढत जाते. चक्कर, डोकेदुखी, हात थरथरणं. तो कोणाला सांगत नाही. दिवस थोडे उरलेत हे कळल्यावर एकटाच काराकोरमच्या डोंगरांत शत्रूच्या मुख्य तळावर जातो आणि गोळ्यांनी चाळण होतो. बाकीचे चौघे पोहोचतात तेव्हा तो गवतात पडलेला असतो. आत जायची वाट तो दाखवतो आणि त्यांना त्याला तिथेच सोडून पुढे जावं लागतं. यातलं जाणं बघवत नाही. जिन्पेईचे पाय निघत नाहीत.

आत पृथ्वी फोडणारं यंत्र चालू झालेलं. सोसाई एक्स काट्सेला वाऱ्यावर सोडून पळतो, काट्से लाव्ह्यात उडी घेतो. चौघांना यंत्र काही थांबवता येत नाही. कोणती वायर, कोणती कळ, काही सुचत नाही. आकडे उतरत जातात आणि ०००२ वर थांबतात. मग कॅमेरा यंत्राच्या पोटात शिरतो. दातेरी चाकांत एक पीस अडकलंय. पकडला गेला असताना ज्योने काट्सेवर फेकलेलं आणि नेम चुकलेलं पीस.

मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि प्रत्येक वेळी लेखकांच्या धाडसाचं नवल वाटलं. १०५ भाग ज्याने “सोडू का” म्हणून डोकं खाल्लं, त्या माणसाच्या हातून जग वाचतं ते बटणाने नाही, तर सूड म्हणून फेकलेल्या आणि वाया गेलेल्या एका पिसाने. कौशल्य नाही, त्यागसुद्धा नाही म्हणता येणार, कारण त्याला ते ठाऊकच नाही. एवढे विज्ञाननिन्जा, एवढा सज्जन डॉक्टर, एवढी योजना, आणि शेवटी योगायोग. आठ-दहा वर्षांच्या पोरांपुढे हे ठेवायला छाती लागते.

तो रविवार होता. साडेसहाला ‘गाच्चामान’ संपली आणि लगेच त्याच वाहिनीवर ‘साझाए-सान’ सुरू झालं. ते म्हणजे घरगुती गमतीजमतींचं कार्टून: आजी-आजोबा, जावई, मांजर, मासे. चाकणचे ते इंजिनिअर तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांनी सांगितलं, आईने ताटं वाढली, टीव्हीवर मांजर मासा पळवत होती, सगळं घर हसत होतं, आणि आपल्याला घास गिळवेना. वडलांनी विचारलं, काय झालं? “ज्यो मेला.” वडील म्हणाले, “बरं,” आणि त्याच्या वाडग्यात आपल्यातला मासा ठेवला.

तात्सुओ योशिदा १९७७ साली कर्करोगाने गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. वर्षभराने स्टुडिओने ‘गाच्चामान’चा दुसरा भाग काढला आणि त्यात ज्यो परत आला, अर्धा माणूस, अर्धं यंत्र होऊन. हे ऐकून मी गाडीतच “शी!” म्हणाले, मराठीतून. इंजिनिअरांना ते दुभाष्याशिवाय कळलं. त्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि ज्यो पडद्यावर दिसल्या दिसल्या उठून घरभर नाचले होते. “कसा आला, का आला, मला काय करायचंय? आला ना!” मी तो दुसरा भाग लावला, ज्योचा नवा हात पाहिला आणि बंद केला. त्यांना अजून सांगितलेलं नाही.